दिवेकाकूंनी सासऱ्यांची गाडी नापास केली

आमच्या वाहन तपासणी केंद्रात गाडी आधी माझ्याकडे यायची. मी ब्रेक तपासायचो. माझ्या रोलरवरून उतरली की पुढे पत्र्याची अंधारी शेड, आणि शेडमध्ये दिवेकाकू. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते साहेबांनाही आठवावं लागायचं. बावीस वर्षं त्या त्याच शेडमध्ये लोकांच्या गाड्यांचे पुढचे दिवे तपासत होत्या. गाडी पिवळ्या पट्टीवर उभी करायची, चाकं असलेलं यंत्र दिव्यासमोर ढकलत आणायचं, डिपर म्हणजे दिव्याचा खालचा झोत लावायला सांगायचा आणि यंत्राच्या काचेत वाकून बघायचं. उजेड आखलेल्या रेषेच्या खाली राहिला तर पास. वर उडाला तर लाल चिठ्ठी.

अंगाने भारदस्त, बोलणं सावकाश. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्यामुळे त्यांच्याशी भांडायला आलेल्या माणसाची फार पंचाईत व्हायची. एकदा एकाने बंपरखाली निळे दिवे लावून गाडी आणली. काकूंनी शांतपणे विचारलं, "आत मासे पण आहेत का?" तो म्हणाला, "काकू, कंपनीतूनच असे आले." काकूंनी वाकून दिव्याला गुंडाळलेली चिकटपट्टी ओढली, तशी अर्धा हात वायर बाहेर आली. "कंपनीची चिकटपट्टी संपत आली होती वाटतं," म्हणाल्या, आणि चिठ्ठी फाडली.

नियम त्यांना पाठ होता. गाडीचा दिवा ज्या बल्बसाठी बनवलाय तोच बल्ब त्यात हवा. हॅलोजनच्या घरात एलईडी बसवला की उजेड सैरावैरा पळतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. ज्यावर मान्यतेचा शिक्का नाही असा दिवा रस्त्यावर चालणार नाही. हे सगळं त्या दिवसातून दहादा तरी सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगतायत अशा.

तर अशा बाईच्या घरातच हे प्रकरण निघालं. घरातलं जे पुढे सांगतोय ते मला काकूंनीच डबा खाताना सांगितलं, रोज थोडंथोडं.

काकूंचे सासरे म्हणजे चाळीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. एकही अपघात नाही, एकही दंड नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी चारचाकी घेतली होती. सकाळी तिला ओल्या फडक्याने पुसायचं, दुपारी कोरड्या, आणि संध्याकाळी तिच्यातून नदीपलीकडच्या बुद्धिबळ क्लबात जायचं. बरोबर एक निवृत्त पोस्टमन, त्यांचा जुना मित्र. दोघं एकमेकांशी खेळायचे आणि अंधार पडता पडता परत यायचे.

एका संध्याकाळी काकू स्वयंपाकघरात फ्लॉवर निवडत होत्या. अचानक खिडकीतून असा पांढराशुभ्र झोत आला की ओटा, भांडी, भिंतीवरची पाल, सगळं ऑपरेशनच्या खोलीसारखं लखलखलं. काकूंना फ्लॉवरच्या दांड्याआड बसलेली अळी लांबूनच दिसली. समोरच्या घरातल्या शिक्षिका दोन्ही हात डोळ्यांवर धरून अंगणात आल्या आणि ओरडल्या, "कोण आहे? काय पाहिजे?"

सासरे गाडीतून उतरत होते.

"मामंजी, हे काय लावून आणलंत?" काकूंनी दारातूनच विचारलं.

"दिवे. आधीचे मिणमिणते होते. चौकातल्या दुकानदाराने अर्ध्या तासात बदलून दिले."

"हे चालत नाहीत."

"चालतात की. बघ, केवढे चालतायत!"

"कायद्याने चालत नाहीत म्हणतेय मी. या महिन्यात गाडीची तपासणी आहे. त्याआधी जुने बसवून घ्या."

"चाळीस वर्षं बस चालवली मी. मला दिवे शिकवतेस?"

काकूंचा नवरा, म्हणजे सासऱ्यांचा मुलगा, हे ऐकत मध्येच उभा होता. दोन्ही बाजूंनी आपल्याकडे बघितलं जातंय असं लक्षात येताच तो गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेला. जेवणं होईपर्यंत तो टाकी बघत होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी रांगेत सहावी गाडी सासऱ्यांची. मी पुढे जाऊन काकूंना म्हटलं, "दुसऱ्या रांगेत पाठवू का? तिथे साहेब स्वतः बघतायत. तुमच्या डोक्याला ताप नको."

"रांगेतून येतील तसे येऊ देत," काकू म्हणाल्या.

माझ्या रोलरवर गाडी आली. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेले, शेजारी पोस्टमन. ब्रेक एकदम चोख. पण एक गोष्ट माझ्या कानावर पडली. गाडी रोलरवर घेताना पोस्टमन ओठ न हलवता पुटपुटत होते, "जरा डावीकडे... अजून... बास. आता सरळ." मला वाटलं, म्हाताऱ्यांची सवय असेल.

शेडमध्ये गाडी गेली. मी मागोमाग गेलो, हे कबूल करतो. कामाला नाही, बघायला.

"मालकाचं नाव?" काकूंनी फॉर्म पुढ्यात घेऊन विचारलं.

"तुला ठाऊक नाही?"

"शेडमध्ये नाही."

सासऱ्यांनी स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं, आडनावावर जरा जास्तच जोर देऊन, कारण ते काकूंचंही होतं. काकूंनी ते लिहिलं. मग म्हणाल्या, "डिपर लावा."

डिपर लागला. यंत्राच्या काचेत खाली उजेड-वर अंधार अशी काही रेषाच नव्हती. सगळा एक पांढरा लोळ. काटा जाऊन कडेला टेकला आणि तिथेच थरथरत राहिला. काकूंनी बॉनेट उघडून बल्बवर शिक्का शोधला. शिक्का नव्हता. त्यांनी नियम तोंडपाठ म्हटला, अगदी सावकाश, पोटनियमासकट, आणि लाल चिठ्ठी फाडून सासऱ्यांच्या हातात दिली. "चौदा दिवसांत दुरुस्त करून परत आणायची."

सासऱ्यांचा चेहरा चिठ्ठीपेक्षा लाल झाला. "मी आयुष्यात कधी नापास झालो नाही."

"तुम्ही नाही, गाडी झालीय."

"घरी ये, मग बोलतो."

"येणारच आहे," काकू म्हणाल्या. "येताना तुमच्या गोळ्या पण आणायच्यात. पुढची गाडी!"

त्या दिवसापासून घरात अबोला. सासरे सुनेशी थेट बोलायचे नाहीत, हवेशी बोलायचे. "या घरात कुणाला मीठ दिसलं तर बरं होईल." "चहा मिळाला असता तर माणूस प्यायला असता." काकू मीठ द्यायच्या, चहा द्यायच्या. नवऱ्याने त्या आठवड्यात टाकी तीनदा धुतली.

"मला एकच कळत नाही," काकू डबा उघडत मला म्हणाल्या. "हा माणूस रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल सिग्नलला थांबतो. नियम मोडणं त्यांच्या रक्तातच नाही. मग हा हट्ट कशाला?"

तेव्हा मला ते पुटपुटणं आठवलं. मी सांगितलं. काकूंचा घास हातातच राहिला. डबा तसाच झाकून त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट पोस्टमनचं घर गाठलं.

पोस्टमननी दार उघडलं, काकूंना बघितलं आणि काही विचारायच्या आधीच मटकन खुर्चीत बसले. "अगं, बरं झालं आलीस. तीन महिने झाले, गाडीत माझ्या जिवात जीव नसतो. दिवसा भागतं, थोडं सांगावं लागतं. पण ऊन उतरलं की त्याला काही दिसत नाही. मी सांगतो, तो चालवतो. माणूस आला, सायकल आली, खड्डा आला. आता घसा बसायला लागलाय माझा."

"मग तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?"

"त्याने शपथ घातली होती. आणि बुद्धिबळाचं तर विचारूच नकोस. त्याला माझा उंट आणि प्यादं यातला फरक कळत नाही. परवा त्याने स्वतःचाच घोडा मारला. मी अभिनंदन केलं. रोज हरतोय गं मी! जिंकलो तर चिडेल, आणि चिडला की मी सांगतो ते गाडीत ऐकत नाही."

काकू घरी आल्या, पण त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. सासऱ्यांना चारचौघांत उघडं पाडायचं त्यांच्या मनात नव्हतं. शिवाय घरात त्यांना कुणी काही सांगितलं की ते उठून गाडी पुसायला जायचे.

तेराव्या दिवशी गाडी परत आली. या वेळी भर दुपारी, आणि शेजारची सीट रिकामी. पोस्टमननी ताप आल्याचं कळवलं होतं. ब्रेक पुन्हा चोख. पण लख्ख उन्हातून अंधाऱ्या शेडमध्ये शिरताना गाडी पिवळ्या पट्टीवर थांबलीच नाही. काकू बाजूला झाल्या म्हणून बरं. त्यांचं बसायचं स्टूल मात्र बंपरखाली गेलं आणि कडकन मोडलं.

"कसला आवाज झाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, स्टूल होतं. डिपर लावा."

जुने बल्ब परत बसवलेले होते. उजेड रेषेखाली अगदी शहाण्यासारखा. "पास," काकू म्हणाल्या. सासऱ्यांनी चावीला हात घातला, तेवढ्यात काकू दहा पावलं मागे गेल्या आणि त्यांनी हात वर केला.

"मामंजी, किती बोटं आहेत?"

"हे काय पोरखेळ..."

"किती?"

सासऱ्यांनी डोळे बारीक केले. मान पुढे काढली. मग ठसक्यात म्हणाले, "तीन."

काकूंच्या हातात चहाचा कप होता.

मी दारात उभा होतो. मागे रांगेतल्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या होत्या. मी बाहेर जाऊन "यंत्र बिघडलंय, दहा मिनिटं" असं ठोकून दिलं आणि परत आलो. सासऱ्यांनी गाडी बंद केली होती. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते.

"कप आहे होय," ते म्हणाले.

"कप आहे."

मग ते हवेशी नाही, सुनेशी बोलले. "रस्ता गेला गं. संध्याकाळी समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं. मग नुसता काळोख. वाटलं, दिवा मोठा केला की रस्ता परत येईल."

"आला?"

"नाही. नुसतं धुकं उजळलं."

काकू खिडकीशी वाकल्या. "मोतीबिंदू असणार. आजकाल तासाभराचं काम आहे."

"डॉक्टर गाडी बंद करायला सांगेल."

"सांगेल. थोडे दिवस."

"आणि क्लब?"

"मी सोडीन तुम्हाला. दोघांनाही."

"तू?" सासरे प्रथमच घाबरलेले दिसले. "तू तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढतेस!"

त्या दिवशी ती गाडी घरी मी नेली. काकू तिच्यात मागे बसल्या, मोडलेलं स्टूल मांडीवर घेऊन, कारण सरकारी मालमत्ता होती आणि त्याचं उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. साहेबांना त्यांनी लेखी कळवलं, "स्टूल गाडीखाली आले. चूक स्टुलाची नाही."

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं. मधल्या काळात काकू रोज संध्याकाळी दोन म्हाताऱ्यांना क्लबात नेत. सासरे मागच्या सीटवर काळा चष्मा लावून बसत आणि नुसत्या आवाजावरून गिअर ओळखत. "क्लच सोड. अर्धवट दाबून ठेवू नकोस. ती काय शिलाई मशीन आहे?" पोस्टमन मात्र पुढच्या सीटवर गाढ झोपायचे. तीन महिन्यांची झोप राहिली होती.

दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या सकाळी सासऱ्यांनी घरभर फिरून पाहणी केली. भिंती पांढऱ्या नसून पिवळट आहेत हे त्यांनी जाहीर केलं. आपल्या गाडीवर अकरा ओरखडे मोजले. सुनेकडे बघून म्हणाले, "अगं, तुझे केस किती पिकले!" काकू म्हणाल्या, "दिसायला लागलं एकूण." संध्याकाळी क्लबात त्यांनी पोस्टमनचा वजीर सातव्या चालीत मारला. पोस्टमन घरी येऊन बायकोला म्हणाले, "आज खरोखरचा हरलो. फार छान वाटलं."

डॉक्टरांचा दाखला मिळाल्यावर सासऱ्यांनी पुन्हा स्टिअरिंग हातात घेतलं. पहिल्याच संध्याकाळी पुलावर समोरून एक टेम्पो आला, पांढरे झगझगीत दिवे लावून. सासऱ्यांनी गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि चाळीस वर्षांत तोंडातून न निघालेले चार शब्द एका दमात उच्चारले. नंबर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी ते चौकातल्या त्या दुकानात गेले आणि दुकानदाराला नियम ऐकवला, पोटनियमासकट.

"अहो आजोबा," तो म्हणाला, "तुम्हीच तर माझ्याकडून लावून घेतले होते!"

"तेव्हा मला दिसत नव्हतं. तुला दिसत होतं ना?"

त्यानंतर महिनाभरात आमच्या केंद्रात त्यांचे एकोणीस तक्रार अर्ज आले, सगळे सुवाच्य अक्षरात, वेळ आणि ठिकाणासह. साहेबांनी त्यांच्यासाठी वेगळी फाईल उघडली. काकू त्या अर्जांवर शेरा मारताना नात्याचा उल्लेख करायच्या नाहीत. पण एका अर्जाच्या खाली "मागच्या खेपेला माझा चष्मा तुमच्या बाकावर राहिला आहे, तो डब्याबरोबर घरी पाठवावा" असंही लिहिलेलं होतं, तो अर्ज त्यांनी दोनदा घडी घालून पर्समध्ये ठेवला.

सासऱ्यांनी आणखी चार वर्षं गाडी चालवली. मग एका सकाळी ते स्वतःहून केंद्राच्या आवारातल्या परवाना कार्यालयात आले आणि परवाना परत घ्या म्हणाले. खिडकीवरचा कारकून गोंधळला. परवाना मागायचा फॉर्म होता, नूतनीकरणाचा होता, हरवल्याचा होता, आपण होऊन परत करायचा नव्हता. शेवटी त्याने कोरा कागद दिला आणि कारण लिहायला सांगितलं. सासऱ्यांनी पेन घेतलं, थोडा विचार केला आणि लिहिलं, "पुरेशी गाडी चालवली." कारकुनाने शिक्का मारला. काकू शेडमधून हात पुसत बाहेर आल्या, आणि दोघं चहा प्यायला गेले.