पापनाशमच्या रस्त्यावर मी काय केलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अण्णाला सांगायची गरज नव्हती – तो तिथंच होता. आणि अण्णा आता नाही. म्हणजे हे जाणणारी मी एकटीच उरले. तुम्हांला का सांगते आहे? खरंच माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढंच बरं आहे.

सोप्या भागापासून सुरुवात करते. माझी ती सवयच आहे.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. डॉक्टर. सकाळी कुंभकोणमचा दवाखाना, दुपारी चारनंतर पापनाशमचा. मी त्याच्याहून सात वर्षांनी लहान, फार्मासिस्ट, लग्न केलं नाही, त्याच्याच घरी राहिले. दोन्हीकडे औषधं मी द्यायची. तो चांगला डॉक्टर होता. म्हाताऱ्या पेशंटच्या खाटेवर सरळ जाऊन बसायचा, आधी गुरांची, नातवंडांची चौकशी करायचा, मग नाडी बघायचा. त्याची बाजू मांडायला हे सांगत नाही. ‘तो चांगला डॉक्टर आहे’ हे मी स्वतःला किती वर्षं ऐकवत होते, ते तुम्हांला कळावं म्हणून सांगते.

तो पीत असे. ब्रँडी. स्टीलच्या फ्लास्कमधून. घरात त्याला ‘ताकाचा फ्लास्क’ म्हणत. मन्नी – आम्ही वहिनीला मन्नी म्हणतो – जिवंत होती तेव्हाही पीत असे, ती गेल्यावरही. तेव्हा दुःखानं प्यायला लागला वगैरे काही नाही. दुपारचं जेवण झालं की मागच्या खोलीत अर्धा-पाऊण तास बसायचा आणि मग गाडीची किल्ली घ्यायचा. त्याचं बोलणं अडखळत नसे. फक्त गाडी हळूहळू रस्त्याच्या मध्यावर सरकायची, आणि समोरून बस आली की उशिरा कडेला यायची. मी शेजारी बसून तळपाय घट्ट दाबून धरायची. रोज. किती वर्षं? मोजायची हिंमत नाही.

मला कळत नव्हतं असं समजू नका. या बाबतीत मी गावात नाव कमावलं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळा आहे. मुरुगेसन नावाचा माणूस तिथल्या मुलींना ऑटोतून आणायचा. एका सकाळी त्याच्या ऑटोजवळून जाताना मला वास आला. आत सहा मुली दाटीवाटीनं बसलेल्या. मी नंबर लिहून घेतला – प्रिस्क्रिप्शनच्या कागदाच्या मागे – आणि घरी जाऊन पोलिसांना फोन केला. दुसऱ्या सकाळी त्यांनी त्याला शाळेच्या दारात, सगळ्या आयांसमोर अडवलं. तोंडाला नळी लावली. त्याचा परवाना गेला. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून आयांपुढे चार शब्द बोलायला लावले. मी बोलले. ‘गप्प बसणारा माणूसही तेवढाच दोषी’, असं बोलले. टाळ्या पडल्या.

अण्णा त्या दिवशी जेवताना म्हणाला, “बरं केलीस गे. लेकरांचा जीव असतो.” फ्लास्क त्याच्या ताटाशेजारी होता.

तुम्हांला हसू येतं का? मला तेव्हा नाही आलं. मला अभिमान वाटला.

आठवड्याभरानं मुरुगेसन आमच्या फाटकाशी आला. मला वाटलं, भांडणार. तो हात जोडून उभा राहिला. तमिळमध्ये म्हणाला, “अम्मा, मी प्यायलो होतो. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. माझ्या गाडीचा नंबर तुम्हांला लिहून घ्यावा लागला. डॉक्टरांच्या गाडीचा तर तोंडपाठ असेल.”

आणि गेला. मी संध्याकाळपर्यंत संतापले होते – त्याच्या उद्धटपणावर.

पण ते वाक्य आत राहिलं. त्यानंतर तीनदा मी तोच फोन लावला. तीनदा. एकदा तर पलीकडून आवाजही आला, “स्टेशन, बोला.” मी फोन ठेवला. का? मी म्हणायची, पेशंटांचं काय होईल. म्हणायची, मराठी राजांच्या तंजावरहून आमचे पूर्वज इथं आले तेव्हापासूनचं घराण्याचं नाव. सगळं खोटं. पापनाशमचा दवाखाना बंद झाला असता तर मी कोण होते? डॉक्टरांची बहीण, औषधं देणारी अक्का – यापलीकडे मला कुणी ओळखत नव्हतं. ते जाऊ नये म्हणून मी रोज त्या गाडीत बसले, आणि रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाला त्यासाठी पणाला लावलं.

आता तो दिवस.

उन्हाळा होता, तीन वाजून गेले होते. अण्णा नेहमीपेक्षा उशिरा मागच्या खोलीतून बाहेर आला. “बेगीन चल, पेशंट वाट बघतात,” म्हणाला. पायऱ्या उतरताना त्याच्या हातून किल्ली पडली. तो वाकला, ती त्याला सापडेना. समोरच पडली होती.

मी उचलून दिली.

होय. मी दिली.

पापनाशमच्या अलीकडे एका बाजूला केळीचे मळे आहेत. सेल्वी – नाव मला नंतर कळलं – रस्त्याच्या कडेनं, मातीवरून चालली होती. डांबरावर ती नव्हतीच. शिवलेल्या ब्लाउजचं गाठोडं काखेत होतं. शिवणकाम करायची, गिऱ्हाइकांना कपडे पोचवायला निघाली होती. मला ती बऱ्याच आधीपासून दिसत होती. गाडी तिच्या दिशेनं सरकत होती, तेही दिसत होतं. मी ‘अण्णा’ म्हणाले. ओरडले नाही, नुसतं म्हणाले. मग आवाज झाला. फार मोठा नव्हता. गाडी मातीच्या ढिगाला टेकून थांबली, आणि रंगीत ब्लाउज सगळीकडे पसरले.

पुढचं सांगते – पण मधला एक तुकडा सोडून. तो मागाहून.

पोलीस आले. सब-इन्स्पेक्टरच्या आईवर अण्णानंच उपचार केले होते. त्यानं अण्णाकडे पाहिलं, जरा जवळ गेला, मग वही उघडली. मला विचारलं, “अम्मा, काय झालं?” मी म्हटलं, ती एकदम रस्त्यात आली, डॉक्टरांनी वाचवायला गाडी बाजूला घेतली. त्यानं लिहून घेतलं. मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

खोटी साक्ष – हाच माझा गुन्हा, असं तुम्हांला वाटलं असेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायला आवडायचं. खोटं काय, घाबरलेला माणूस बोलून जातो. पण पोलीस यायच्या आधीचं जे आहे, ते मी घाबरून केलं नाही. अगदी शांत डोक्यानं केलं.

गाडी थांबली तेव्हा अण्णाची नशा उतरली. मी पाहिलं ते – एका क्षणात त्याचा चेहरा डॉक्टरचा झाला. बॅग घेऊन तो दार उघडून उतरला. सेल्वी दहा-बारा पावलांवर पडली होती. शुद्धीत होती. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला, आणि रक्त थांबत नव्हतं. दूर मळ्यातून माणसं यायला निघाली होती, त्यांच्या हाका ऐकू येत होत्या.

मी अण्णाचं मनगट धरलं. त्याच्या तोंडाचा वास मला हातभर अंतरावरून येत होता.

माझ्या पिशवीत पानाचा डबा असतो. मी तीन पानं एकावर एक ठेवली, सुपारी, चुना, लवंगा – लवंगा जास्त – आणि त्याच्या तोंडापुढे धरलं.

“आधी हे चाव.”

“सोड गे,” तो म्हणाला. “रक्त जातंय तिचं. मला बांधूं दे.”

“चाव. माणसं येतात.”

“ती मरेल, गे.”

“चाव म्हणते ना.”

जन्मभर ज्यानं माझं काही ऐकलं नाही, त्यानं तेवढं ऐकलं. गाडीला टेकून तो पान चावत राहिला, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि नजर तिच्यावर. मी मनगट सोडलं नाही. तिकडून सेल्वी म्हणत होती, “तण्णी… तण्णी…” पाणी मागत होती. माझ्याजवळ बाटली होती. मी ती उघडली, आणि अण्णाला चूळ भरायला लावली. एकदा. पुन्हा एकदा. मग दुसरं पान दिलं. बाटली रिकामी झाली.

चार मिनिटं असतील. सहा असतील. मग मी त्याला सोडलं.

तो धावला. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं मांडीला आवळून बांधलं आणि रक्त थांबलं. इतक्या पटकन थांबलं! त्याचे हात जरासुद्धा कापत नव्हते. माणसं येऊन पोचली, आणि त्यांनी काय पाहिलं? डॉक्टर मातीत गुडघे टेकून त्या बाईचा जीव वाचवताहेत, आणि त्यांची बहीण तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे. कारण तोवर मी जाऊन बसले होते.

तंजावरच्या सर्जननं पाय गुडघ्याखाली कापला. तो अण्णाला आदरानं म्हणाला, “सर, तुम्ही बांधलंत म्हणून ती वाचली. जरा आधी बांधलं गेलं असतं तर कदाचित…” आणि थांबला. त्याला वाटलं, गाडीतून उतरून तिच्यापाशी पोचेपर्यंतच तेवढा वेळ गेला असणार. अण्णानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाय तसाही गेला असता का? असेल. मला ते कुणाकडून ऐकायचं नाही.

यानंतर तरी तो सुधारला असेल, असं तुम्हांला वाटतं? दोन महिने बसनं गेलो. मग एका दुपारी त्यानं फ्लास्क भरला, किल्ली घेतली, आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. तेव्हाही फोन केला नाही. आता तर करूच शकत नव्हते – केला असता तर जुनं सगळं उकरलं गेलं असतं. तो गाडी चालवत राहिला, आणखी कुणी गाडीखाली आलं नाही, यात माझं काही कर्तृत्व नाही. शेवटी पोटाच्या दुखण्यानं, स्वतःच्या अंथरुणात गेला. चौकाचौकांत त्याच्या फोटोचे फ्लेक्स लागले. ‘गरिबांचे डॉक्टर.’

त्या दिवसाबद्दल तो एकदाच बोलला, अगदी शेवटी. म्हणाला, “तेव्हां तू मला सोडायचं होतं.” मी म्हटलं, “थोडा भात खाऊन घे.”

सेल्वी पापनाशमलाच राहते. कृत्रिम पाय आहे, मशीनला मोटार बसवून घेतली आहे, काम चांगलं चालतं. माझे ब्लाउज तीच शिवते. मी का जाते तिच्याकडे? पश्चात्तापानं म्हणावं तर तसंही नाही. नाही गेले तर लोकांना ते विचित्र दिसेल.

गेल्या महिन्यात माप घेताना ती म्हणाली, “अक्का, डॉक्टरांना माझ्यापायी किती त्रास झाला! न बघता मध्ये आले मी.” तिला तो क्षण आठवत नाही. पोलिसांच्या कागदावर होतं ते घरच्यांनी तिला सांगितलं, आणि तिनं ते खरं मानलं. नवरा अजून तिला त्यावरून बोलतो, हेही तिनंच सांगितलं. हसत सांगितलं.

“एवढंच आठवतं,” ती म्हणाली, “मी पडले होते, आणि तुम्ही गाडीपाशी घाई-घाई काहीतरी करत होता. हातात बाटली होती. माझ्यासाठी पाणी आणत होता ना, अक्का?”

टेप माझ्या दंडाभोवती होती. तिनं वर पाहिलं.

मी म्हटलं, “हो.”

ती समाधानानं आकडा लिहायला वळली.

ही अशी मराठी मी तरुणपणी पुण्यात आत्याकडे राहून शिकले. फार्मसीचा अभ्यास करायला गेले होते. आमच्या घरची मराठी ऐकून तिथल्या मुली हसायच्या, म्हणून हट्टानं ही पुस्तकातली शिकले. हे मी ज्या लिपीत लिहिते आहे, ती वाचणारं इथं माझ्या ओळखीत आता कुणी नाही. सेल्वीला तमिळ उत्तम वाचता येतं. रोज सकाळी ती पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते.

मलाही तमिळ चांगलं लिहिता येतं.