साबणाचा एक हात

आमच्या सासूबाईंना साबणाशिवाय धुतलेलं भांडं धुतलेलं वाटतच नाही. मी घासलेलं पातेलं त्या उजेडात धरून बघतात आणि अवाक्षर न काढता पुन्हा घासतात. लग्नानंतर माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आता मी पातेलं थेट त्यांच्याच हातात देते, तेवढाच वेळ वाचतो.

नोकरी त्यांना मिळाली तीही धुण्याचीच. नदीचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्या बाटल्या धुतात. तिथला नियम मात्र त्यांच्या स्वभावाच्या उलटा: बाटली सौम्य अ‍ॅसिडात भिजवायची, शुद्ध पाण्याने विसळायची, साबण अजिबात लावायचा नाही. बाटल्या धुरकट दिसायच्या आणि सासूबाईंचा जीव तळमळायचा.

त्या वर्षी नदी शेवाळाने हिरवीगार झाली, मासे मरून वर आले. शेतातलं खत, गोठ्यातलं शेण, घरांचं सांडपाणी, सगळ्यांतून फॉस्फेट पाण्यात उतरतं आणि शेवाळाचं फावतं. कुठल्या जमिनीवरून किती येतं हे बघायला जंगल, शेतं, गोठे, वस्ती अशा प्रत्येकाच्या उताराला वाहणारं पाणी बाटल्यांत भरून आणायचं ठरलं. आमचा गोठा अगदी काठावर. दोष त्याच्यावर आला तर तो तिथून हलवावा लागणार होता. सासऱ्यांनी तो स्वतःच्या हातांनी बांधलेला, त्यामुळे त्यांची झोपच उडाली.

निकाल आला तो सगळीकडे सारखाच वाईट. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, अख्खी नदीच बिघडलीय, एकट्यादुकट्याला काय बोल लावणार? सासरे गाईंशी गप्पा मारत दूध काढू लागले. सासूबाई मात्र ताटावर नुसत्या बसून राहायच्या. शेवटी मीच खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. एवढं मोठं काम, बाटल्या कशा लखलखीत हव्यात, म्हणून बाईसाहेबांनी सगळ्यांवरून साबणाचा एक हात फिरवला होता. आणि त्या साबणातच फॉस्फेट!

"झाकली मूठ सव्वा लाखाची," सासरे म्हणाले. "तुला कुणी विचारलंय का?"

खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं.

"ज्याच्या आसपास माणूस नाही की गाय नाही, त्या जंगलातल्या झऱ्यालासुद्धा मी घाण ठरवलं," सासूबाई म्हणाल्या. "मला घास गिळवत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगून टाकलं. मॅडमनी कपाळावर हात मारला, सगळं पाणी ओतून दिलं आणि नव्याने भरायला माणसं पाठवली. या खेपेला बाटल्या धुरकटच गेल्या. जंगलातलं पाणी स्वच्छ निघालं, शेतांखालचं थोडं बिघडलेलं, वस्तीखालचं त्याहून जास्त. आणि सगळ्यांत वाईट आमच्या गोठ्याखालचं. पावसात शेणाच्या ढिगाचं पाणी सरळ नदीत उतरत होतं, आणि आमच्या घरात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

घरात अबोला सुरू झाला. सासरे मीठही माझ्याकडे मागायचे. सासूबाई शांतपणे जेवायच्या, आता त्यांना भूक लागत होती. मग एका सकाळी बघते तर सासरे फावडं घेऊन शेणाचा ढीग वरच्या अंगाला ओढतायत. मागोमाग नवराही गेला. हळूहळू गोठ्याचे खांबही चढावर गेले. काठाची पट्टी गवताला आणि झाडांना सोडून दिली, वरून आलेलं पाणी तिथे मुरतं. नदी काही लगेच आरशासारखी झाली नाही, पण यंदा गोठ्याखालचा आकडा उतरलाय.

परवा सासू-सासरे त्या गवतात बसले होते, मी चहा घेऊन गेले. सासरे तिकडे नदीकडे बघत म्हणाले, "शेजाऱ्यामुळे हे उघडं पडलं असतं ना, तर मी त्याच्याशी जन्मभर भांडलो असतो. तुझ्यामुळे पडलं, आणि गोठा तुझाही होता. मग भांडणार कुणाशी?"