बोनोलोचे आजोबा आणि तिचा टूथब्रश

बोनोलो या नावाचा अर्थ मवाळपणा. पोरीत तो औषधालाही नव्हता. मन्याना या आपल्या गावातल्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती पर्समधून स्वतःचा चमचा काढायची, तोही पुसून. अशा मुलीनं वन्यजीवांचा अभ्यास निवडला तो कॅलेंडरवरचा बिबट्या पाहून. प्राण्याला पुढची बाजू असते तशी मागचीही असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कॉलेजचं पहिलं वर्ष बहुतेक शेणातच गेलं.

तरी दिवसभर बसमध्ये धक्के खात ती वर्गाबरोबर चोबे नदीकाठच्या तंबूत येऊन पोचली. कारण मास्तरीणबाई म्मा सेबेगो यांनी जाहीर केलं होतं, "इथे जो नीट निरीक्षण करील, त्या एकालाच सावुटीच्या जंगलात बिबटे पाहायला नेईन. बाकीचे आपापल्या घरी." बोनोलोला त्या दिवसापासून स्वप्नातही ठिपकेच दिसत होते.

पोचल्या संध्याकाळी गाडीवाले रा मोत्सुमी यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काय गं, तू कोणाला नाचतेस?"

म्हणजे तुझं देवक कोणतं. इथे घराण्याघराण्याचं देवक एखादा प्राणी. त्याला मारायचं नाही, खायचं नाही, मान द्यायचा. बोनोलोच्या घराण्याचं देवक बबून वानर. पण म्मा सेबेगो ऐकत होत्या. अशा वेळी लाल बुडाच्या वानराचं नाव कोण घेणार? तिनं ठोकून दिलं, "सिंहाला!"

"अगं, मग तू माझी बहीणच की!" रा मोत्सुमींना आनंदाचं भरतं आलं. कुटलेल्या मांसातला लुसलुशीत वाटा तिच्या ताटात पडला. सकाळी गाडीतली पुढची जागाही तिलाच मिळाली.

आणि गाडी थांबली ती नेमकी बबूनच्या कळपापुढे.

"बघा आणि मोठ्यानं सांगा," म्मा सेबेगो म्हणाल्या.

बोनोलो नाकावर रुमाल धरून सांगू लागली, "एक नर हत्तीच्या लेंड्या फोडतोय. त्यातल्या बिया... ई... खातोय. मादी पोराच्या ढुंगणातून काहीतरी काढतेय. तेही... शी!"

"बोटानं की दातानं?"

"बाई, मी डोळे मिटले होते."

मागून तिच्या वर्गातला तिरो खिंकाळला, "सिंहाची लेक लेंडीला घाबरली!"

दुपारी सगळे तंबूंकडे परतले, तर तोच थोराड नर तिच्या गादीवर ऐसपैस बसलेला. उशीवर त्यानं आपली खूण सोडली होती. हातात तिचा टूथब्रश होता, आणि तो त्यानं कुठे कुठे फिरवला होता हे सांगवत नाही. बोनोलोनं दगड उचलला. तिरोनं गलोल ताणली.

"मार! डोळ्यावरच मार!" पोरं ओरडली.

बोनोलोचा हात मात्र वर जाईना. लहानपणी आईनं तिला शेतात बबूनवर ढेकूळ उगारल्याबद्दल बडवलं होतं. दगड खाली पडला आणि ती गलोलीपुढे हात पसरून उभी राहिली.

"खबरदार कुणी मारलंत तर! आमचे आहेत ते!"

तो नर टूथब्रशसकट निघून गेला. रा मोत्सुमींनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"असं होय! म्हणजे माझ्या ताटातलं मांस वानराच्या नातीनं खाल्लं!"

"चुकले, मामा."

"मामा कसला? तुझा मामा आता ब्रश घेऊन गेला ना!"

पोरं हसून लोळली. म्मा सेबेगो हसल्या नाहीत. "सावुटीच्या तळावर बबून आले की गलोलीनं हाकलावे लागतात. तू हाकलशील?"

बोनोलोनं मान हलवली. नाही.

"मग तिरो येईल. पण घरी जाऊ नकोस, इथेच राहा. हा कळप रोज पाहायला कुणीतरी हवंय. दगड मारणाऱ्यांच्या तो जवळ येत नाही."

दुसऱ्या सकाळी गाडीतल्या पुढच्या जागेवर रा मोत्सुमींनी कांद्यांचं पोतं ठेवलं होतं. बोनोलो मागे बसली. कळपापाशी ती उतरली आणि गाडी सावुटीच्या वाटेला लागली. थोराड नर तिला पाहून पळाला नाही. हाताच्या अंतरावर बसून त्यानं लेंडी फोडली, एक बी तोंडात टाकली आणि तीच बोटं चाटली.

बोनोलोनं या खेपेला डोळे मिटले नाहीत. रुमाल तेवढा घट्ट धरला.

"शी! आजोबा," ती म्हणाली, "निदान हात तरी धुवा!"