दोरीचं वजन

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका राग आणणारा माणूस पंजाबातल्या अख्ख्या झिरकपूरमध्ये शोधून सापडायचा नाही, आणि खुद्द काकांना सगळ्यात जास्त राग यायचा तो क्वार्कचा. हवाई दलात त्यांनी तीस वर्षं मालवाहू विमानांच्या लोडशीट लिहिल्या. पेटीन् पेटीचं वजन मांडायचं, बेरीज जुळली तरच सही, आणि सही झाली तरच विमान उडणार. निवृत्तीनंतर त्यांनी कुठंतरी वाचलं, की प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क असतात आणि तिघांचं मिळून वजन प्रोटॉनच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाइतकं भरतं. तिथून त्यांचं टाळकं फिरलं. "बाकीचं वजन गेलं कुठं? ही शीट मी तोंडावर फेकली असती."

चटके मला बसायचे, कारण काकू सोडल्या तर मराठीतून ऐकून घेणारं इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. मोहालीच्या ऑफिसातून तासभर जॅममध्ये सडून यावं, तर जिन्यात काका वही घेऊन हजर. क्वार्कच्या सहा प्रकारांतला सगळ्यात जड क्वार्क सोन्याच्या अख्ख्या अणूच्या तोडीचा असतो, ही गोष्ट ते सोसायटीच्या सेक्रेटरीवर आरोप करावा तशी सांगत. "एका घरातली सहा भावंडं, आणि एवढा फरक? जबाबदार कोण?" भाजीवाल्यालाही ते पिशवीचं वजन वेगळं सांगायला लावत. "अंकल जी, हवा भी तोल दूँ?" असं तो एकदा म्हणाला, तर पंधरा दिवस त्याच्याकडची भाजी बंद. क्वार्कच्या आत आणखी बारीक दाणे लपलेत, ते कुणी तोललेच नाहीत, असा त्यांचा सिद्धांत होता आणि त्याने वही भरत आली होती.

एका संध्याकाळी माझा तोल गेला. "काका, दाणेबिणे काही नाहीत. ते हरवलेलं वजन तिन्ही क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचं आहे. साऱ्या जगाला माहीत आहे, तुम्हालाच तेवढं पटत नाही."

काका लालबुंद झाले. "म्हणजे सामानापेक्षा दोरी जड? शिकलेली ना गं तू?" वही मिटून ते वर गेले आणि दोन महिने बोलले नाहीत. मीही नाक घासणार नव्हते. माझं बरोबर होतं.

मग काकू सांगत आल्या, की घर विकलं, मुलाकडे नाशिकला चाललो. "बोलत नाहीत, पण तुझी गाडी आली का ते रोज गॅलरीतून बघतात." मला स्वतःचाच संताप आला.

निघायच्या दिवशी मी वर गेले. काका बाथरूममधल्या वजनकाट्यावर एकेक खोकं तोलून लिहीत होते आणि ट्रकवाला वैतागून बसला होता. त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली.

"जुळत नाही का?" मी विचारलं.

"जुळते. पण एवढंच? सोळा वर्षांचं घर आहे." ते रिकाम्या भिंतींकडे बघत राहिले. मग यादीच्या तळाला त्यांनी 'दोरी' असं लिहिलं, पुढचा रकाना कोरा ठेवला, आणि बेरजेवाचून कधीही सही न करणाऱ्या त्या माणसाने खाली सही करून कागद माझ्या हातात दिला.

आता जिना मोकळा असतो, मी वेळेवर जेवते, आणि त्याचाही मला राग येतो.