काळं अस्तर

कापडाच्या धंद्यात थान कधी संपतं ते कळत नाही, पण कटपीस मात्र साचत जातात. नातीला घेऊन डॉक्टरांच्या चकरा मारता मारता माझ्याकडे किश्श्यांचं तसंच झालंय. बसा, चार तुकडे दाखवतो.

नात म्हणजे रेवा, वय सहा. तिला ऑटिझम आहे. शब्द येतात दहा-बारा, तेही तिची मर्जी असली तर! मधूनच ती कपाळ भिंतीला दाबून उभी राहते, ओकते आणि दुकानात असली तर काउंटरमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडते. तिची आई, म्हणजे माझी सून मंजिरी म्हणे, "बाबा, ही अर्धशिशी आहे." पण दुखणं जिचं, तीच सांगत नाही. मग औषध कोण देणार?

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "बेटा, कहाँ दुखता है?" रेवा त्यांच्या पंख्याकडे बघत बसली. ते मला म्हणाले, "दादाजी, ऐसे बच्चों में ये सब चलता है."

मी हात जोडून म्हटलं, "डॉक्टर साहब, ऐसे बच्चों का सिर नहीं होता क्या?"

पेन थांबलं. त्यांनी सिरप लिहून दिलं आणि डोळे तपासायला पाठवलं. म्हणजे तेवढं तरी पदरात पडलं!

*

डोळ्यांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून, खेळवत खेळवत तपासलं. तेवढ्या वेळात रेवानं त्यांच्या पेटीतल्या सगळ्या काचा काढून टेबलावर सरळ रांगेत मांडल्या. एक काच तिरकी नाही!

डॉक्टर म्हणाले, "आँखें एकदम बढ़िया. बस दो दिन यहीं छोड़ जाइए, मेरा कंपाउंडर छुट्टी पर है."

*

आमच्या बड्या फुहाऱ्याच्या बाजारात सल्ला फुकट मिळतो. शेजारचे भांड्यांचे व्यापारी गुप्ताजी, फार प्रेमाचा माणूस. म्हणाले, "नजर लगी है," आणि मला बोलूही न देता लाल मिरच्या पेटवल्या. ठसका असा उठला की गल्लीतली गिऱ्हाइकं पळाली. मंजिरीनं रेवाला उचलून आधीच मागच्या दारानं बाहेर काढलं होतं.

अर्ध्या तासानं हिशेब असा, की अख्ख्या बाजाराचं डोकं दुखून राहिलं होतं, फक्त रेवाचं सोडून!

*

आता धंद्यातली गोष्ट. सुती कापड आम्ही कापत नाही, फाडतो. कात्रीनं एक चीर द्यायची आणि चर्रकन ओढायचं. फाडलेलं सरळ जातं, शिवाय त्या आवाजानं गिऱ्हाइकाला माल पक्का वाटतो. आयुष्यभर हेच केलं. एक दिवस लक्षात आलं, प्रत्येक चर्रला काउंटरमागे रेवा कानांवर हात दाबते. त्या दिवसापासून आमच्याकडे फाडणं बंद, फक्त कात्री.

गोहलपूरची एक जुनी टेलरबाई खवळली. "भैया, फाड़ते क्यों नहीं? कपड़ा सड़ गया है क्या?"

मी म्हटलं, "दीदी, कपड़ा मज़बूत है, कान नाज़ुक हैं."

तिनं वाकून काउंटरमागे बघितलं. पुढच्या खेपेला दुसऱ्या गिऱ्हाइकालाच दटावत होती, "धीरे बोलो, बिटिया सो रही है!"

*

मी आठवीत शाळा सोडली. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकानं दिलं. बाई तोंडानं म्हणते "बस देख रहे हैं", पण हात फिरून फिरून एकाच थानावर जातो. म्हणून तोंड ऐकू नये, हात बघावा.

मग रेवाला विचारणं सोडलं आणि तिचे हात बघू लागलो. ज्या दिवशी त्रास, त्या दिवशी हात अस्तराच्या फळीवर जायचा. गुलाबी नाही, निळं नाही, काळंच. ते डोळ्यांवर ओढून घ्यायची. दर वेळी मी त्यातली दोन बोटं चिंधी कापून कॅलेंडरच्या त्या तारखेला टाचू लागलो.

"बाबा, हे काहून करून राहिले तुम्ही?" मंजिरी म्हणाली. दोन आठवड्यांनी तीच प्रत्येक चिंधीखाली लिहू लागली: झोप कमी, वरातीचा बँड, ऊन. तीन महिन्यांत अकरा चिंध्या. त्यातल्या सात लग्नसराईतल्या!

*

ते कॅलेंडर घेऊन आम्ही मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. बाहेर खच्चून गर्दी. आमचा नंबर लागेस्तोवर मॅडम पार थकल्या होत्या. कॅलेंडर बघून हसल्या. "पहली बार कोई सैंपल लेकर आया है!" चिंध्या एकेक करून वाचल्या. मग म्हणाल्या, "दिन तो समझ में आ गए. पर दर्द सिर में ही है, ये कैसे मानूँ? पेट भी हो सकता है. बच्ची तो बताएगी नहीं."

बोलता बोलता त्यांनी दोन बोटं स्वतःच्या कानशिलावर दाबली आणि डोळे मिटले.

रेवा खुर्चीवरून उतरली. भिंतीशी जाऊन तिनं ट्यूबलाइट बंद केली. मंजिरीच्या पिशवीतून काळं अस्तर काढलं, टेबलाला वळसा घातला, टाचा उंच केल्या आणि ते मॅडमच्या डोळ्यांवर ठेवलं. वरून आपला तळहात त्यांच्या कपाळावर दाबून धरला.

मंजिरी उठू लागली. मी तिचा हात धरला.

एवढ्यात अटेंडंटनं दार किलकिलं केलं. "मैडम, अगला पेशेंट भेजूँ?"

अस्तराखालून आवाज आला, "रुको. अभी मेरा नंबर चल रहा है."