रिसीव्हर जागेवर

लाइट गेली की सरकारी वीज कंपनीच्या तक्रार खोलीत पहिलं काम काय व्हायचं? टेलिफोनचा रिसीव्हर उचलून टेबलावर आडवा ठेवायचा. बाहेर लोक नंबर फिरवून फिरवून दमायचे आणि आत निवांत चहा व्हायचा. नव्या माणसाला खांबावर चढायच्या आधी हे शिकवत. कंपनीत बाकी कशाचा कशाला मेळ नसे, पण हा रिवाज मात्र अगदी चोख पाळला जाई.

तो मोडला तक्रारींचे फोन घ्यायला नेमलेल्या टेलिफोनबाईंनी. "वाजतोय तर उचलायला नको?" एवढंच त्या म्हणाल्या. आणि उचलून वर खरं सांगायच्या. "ट्रान्सफॉर्मर जळालाय. गोदामात दुसरा नाही. दुरुस्तीला गेलेला अजून आलेला नाही. ताटकळू नका." लोक शिव्या घालत. बाई ऐकून घेत आणि म्हणत, "झालं का? आता पाणी प्या." गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना फोनवर बाईच हव्या असत. अजूनही त्या खोलीचा विषय निघाला की माहेरची आठवण निघावी तसा बाईंचा चेहरा होतो. तो काळा जड फोन, करकरणारी खुर्ची, भिंतीला टांगलेले लाइनमन लोकांचे रबरी हातमोजे, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे येतं.

एका दुपारी अंडेवाल्याचा फोन आला. अंडी उबवून पिल्लं विकायची, हा त्याचा धंदा. सगळं घर त्या उबवणीच्या यंत्रावर चाललेलं.

"बाई, साहेब म्हणाले अर्ध्या तासात लाइट येईल. थांबू ना? अंडी गार पडली तर पिल्लं आतच मरतील हो."

साहेब समोरच बसले होते. "येईल म्हणून सांगा," असं त्यांनी हातानेच खुणावलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि फोनवर म्हणाल्या, "थांबू नकोस. आज काही येत नाही. नदीपलीकडची लाइन वेगळी आहे. तिकडे कुणी आहे का तुझं?"

"मेव्हणा आहे. त्याचंही यंत्र आहे."

"मग उचल अंडी आणि नीघ."

अंडी गोधड्यांत गुंडाळून टेम्पोतून गेली. जवळजवळ सगळी पिल्लं जगली. अंडेवाला आनंदाने बाजारभर सांगत सुटला, "कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरच नाही, आणि हे खरं सांगणारं माणूस एकच आहे!" ते वरच्या साहेबांच्या कानावर गेलं आणि बाईंची बदली झाली. कुठे? गोदामात! शिक्षा करायची घाई एवढी, की ज्या रिकाम्या गोदामाची लाज झाकायची, त्याच्याच किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या. लोक आता थेट तिथे येऊ लागले. बाई दार सताड उघडत. "या, बघा. काही सापडलं तर मलाही दाखवा."

पण फोन गेला तो गेलाच. त्याचं बाईंना वाईट वाटलं, निवृत्त होईपर्यंत वाटत राहिलं.

आता कंपनीत रिसीव्हर कुणी बाजूला काढत नाही. फोन यंत्रच उचलतं आणि गोड आवाजात सांगतं, वीजपुरवठा अर्ध्या तासात सुरळीत होईल. परवा संध्याकाळी लाइट गेली. बाई खिडकीशी बसल्या होत्या, तेवढ्यात मोबाइल वाजला. अंडेवाला! त्याचे केस पिकले, यंत्रं वाढली, सवय तीच.

"बाई, तो आवाज अर्धा तास म्हणतोय. थांबू का?"

ना आता समोर लाइनमन होते, ना कंबरेला गोदामाच्या किल्ल्या. काहीतरी सांगून त्याला धीर द्यावा, असं फार वाटलं त्यांना.

"नाही सांगता येत रे," त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही."

पलीकडे अंडेवाल्याने घरात कुणाला तरी हाक दिली.

"टेम्पो काढा रे! बाई माहीत नाही म्हणतायत. म्हणजे कुणालाच माहीत नाही."

गडबडीत तो फोन बंद करायला विसरला. टोपल्या उचलल्याचे आवाज येत होते, आणि बाई फोन कानाला लावून ते ऐकत बसल्या.