पाठीमागचा सिंह
शाडूची माती भिजवली की ओला, थंड वास सुटतो आणि मला नारपोलीतला बाबांचा गणपतीचा कारखाना आठवतो. एका वर्षी जानेवारीत मी माहेरी आले होते. शेजारच्या शाळेने प्रजासत्ताक दिनाच्या स्टेजसाठी अशोकस्तंभाचे सिंह करायला सांगितले होते. राजमुद्रेच्या चित्रात तीनच दिसतात, पण मूळ खांबावर चार आहेत म्हणून बाबांनी पाठीला पाठ लावून चारही घडवले. "मूळचे दगडाचे सिंह आहेत, डोळे रंगवू नका," असं शाळेच्या बाई सांगून गेल्या. भिंतीपलीकडे कापडाचे लूम खडखडत होते, त्यांच्याहून वरताण आवाजात बाबा म्हणाले, "डोळे आखल्याबिगर मूर्ती माझ्या कारखान्यातून जात न्हाय." आखणी कायम त्यांच्याच हातची, ब्रशला आम्हाला शिवूही द्यायचे नाहीत. त्या दिवशी मात्र ब्रश माझ्यापुढे धरून म्हणाले, "पुढचे तिघं तू कर. मागचा माझ्याकडं." "बाबा, मागचा कोण बघणार हाय?" मी हसले. त्यांनी मागचा सिंह आपल्याकडे वळवून घेतला. कार्यक्रम संपल्यावर सिंह उचलताना मी पहिल्यांदा मागची बाजू पाहिली. एक डोळा आयाळीत गेला होता, दुसरा नाकावर उतरला होता. "बरा झालाय ना?" माझ्या जरा बाजूला बघत बाबांनी विचारलं. "पुढच्यांसारखाच," मी म्हणाले. आता बाबा नाहीत. ते सिंह माझ्या कपाटावर असतात. आलेगेले सांगतात, मागची बाजू पुढे आलीय. मी फिरवत नाही.